गाडी आली तेव्हा घरात कोणी नव्हतं

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे सुटली. तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात वाढला असाल, तर यात बातमी कुठे आहे असं वाटेल. स्टेशन असतं, गाड्या येतात-जातात, त्यात काय एवढं? बीडच्या माणसानं मात्र हे वाक्य दोनदा वाचलं.

पुण्यात शिकायला आलेल्या बीडच्या पोरांना होस्टेलवर एक प्रश्न हमखास यायचा. 'तुमच्याकडे अजून रेल्वे नाही?' आमचं उत्तर पाठ होतं. 'आहे ना, परळीला.' उत्तर खोटं नव्हतं. परळी बीड जिल्ह्यातच आहे आणि तिथली रेल्वे आमच्या पणजोबांच्या काळातली आहे. पण बीडहून परळी नव्वदेक किलोमीटर, तेही पुण्याच्या बरोबर उलट दिशेला. त्यामुळे रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसायचं आणि पहाटे डोळे चोळत पुण्यात उतरायचं, हा आमचा प्रवास. रेल्वेचा विषय निघाला की बीडचा माणूस आधी एखादा विनोद करतो, मग गप्प होतो. प्रत्येक निवडणुकीत ऐकून ऐकून त्या शब्दाचा रंग उडाला होता.

त्या दिवशी मात्र फोनवर व्हिडिओंचा पाऊस पडला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिरवा झेंडा दाखवला. जिल्ह्याचे तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार होते, पंकजा मुंडे होत्या. तारीखही मुद्दाम निवडलेली. १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. सत्त्याहत्तर वर्षांनी त्याच दिवशी गाडी सुटली.

व्हिडिओ पाहताना मला एक प्रश्न पडला. या सगळ्या समारंभात बीड शहराच्या वतीनं कोण होतं? नगराध्यक्ष? त्या दिवशी बीडला नगराध्यक्षच नव्हता. नगरसेवक नव्हते, सर्वसाधारण सभा नव्हती. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदेची मुदत २०२१ सरताना संपली होती आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. शंभर वर्षांहून जास्त काळ ज्या पाहुण्याची वाट पाहिली तो दारात आला, तेव्हा घरात घरचं माणूस नव्हतं.

योगायोग म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण बीडचा इतिहास जरा उलगडून पाहिला की यात एक जुनी सवय दिसते.

*

फोनवर नकाशा उघडा आणि बीडवर बोट ठेवा. आता पश्चिमेला सरका. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाचं अहमदनगर, लागेल. तिथून जाणारा दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. उत्तरेला जा. मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारा सहाशे किलोमीटरहून लांब मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. हा निजामाच्या राज्यातला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग. दक्षिणेला बार्शी लाइट रेल्वे, छोट्या रुळांची. ती १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. पूर्वेला परभणी-परळी फाटा, १९२९ चा. चारही बाजूंना रूळ आणि मधल्या मोकळ्या जागेत बीड.

हे कसं झालं? पहिलं उत्तर सरहद्दीचं. आष्टी तालुका संपला की अहमदनगर जिल्हा लागायचा, म्हणजे निजामाचा मुलूख संपून इंग्रजांचा सुरू व्हायचा. बीड निजामाच्या राज्याच्या पार कडेला होतं, आणि निजामाच्या रेल्वेचं तोंड होतं हैदराबादकडे. परळीला रेल्वे आली तीसुद्धा परळीसाठी नव्हे. परभणीहून परळी, पुढे बिदर, विकाराबाद करत हैदराबाद गाठायची ती वाट होती, परळी त्या वाटेत पडली. बीड कुठल्याच वाटेत पडत नव्हतं.

पण सरहद्दीवर सगळा दोष ढकलता येत नाही. बार्शी लाइट रेल्वे इंग्रजी मुलखात सुरू झाली आणि सरहद्द ओलांडून निजामाच्या लातूरला गेली. तिथल्या व्यापारासाठी ती सरहद्द ओलांडणं कुणाला तरी परवडत होतं. नगरहून बीडला यायला मधे बालाघाटाचे डोंगर आणि कोरडा मुलूख. तिथे रूळ टाकून पैसे सुटतील असं कुणाला वाटलं नसावं. रेल्वे तेव्हाही नफ्याचा हिशेब घालूनच यायची.

एक आकडा बघा. १९०१ च्या जनगणनेत बीड गावाची लोकसंख्या सतरा हजारांच्या वर होती, लातूरची दहा हजारांच्या आसपास. म्हणजे बीड मोठं गाव होतं. २०११ मध्ये बीड शहर १,४६,७०९ वर होतं आणि लातूर पावणेचार लाखांच्या पुढे. लातूर फक्त रेल्वेमुळे वाढलं असं म्हणणं बालिशपणाचं होईल. तिथे बाजारपेठ होती, पुढे कॉलेजं आली, राजकीय वजन आलं. पण बाजारपेठ कशाच्या आधारानं उभी राहिली, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आकडा जास्त जड आहे. १८९१ साली बीड जिल्ह्यात ६,४२,७२२ माणसं होती, १९०१ साली ४,९२,२५८. दहा वर्षांत दीड लाख माणसं कमी. शंभरातली तेवीस. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ होता. त्यातली किती मेली आणि किती गाव सोडून गेली हे या आकड्यात वेगळं करता येत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारी शहाणपण असं सांगत होतं की दुष्काळात धान्य पोचवायचं तर रेल्वे हवी. त्यामुळे मोह होतो म्हणायचा, की रेल्वे असती तर ही माणसं वाचली असती. मी असं म्हणणार नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यातून त्याच वर्षांत रूळ जात होते आणि तिथलीही लोकसंख्या सुमारे पाचव्या हिश्शानं घटली. गाडीतून धान्य येऊ शकतं, पण ते विकत घ्यायला खिशात पैसा लागतो. तरी बीडचा आकडा परभणीहून वाईट आहे, हेही खरं.

यातलं काहीही ठरवताना बीडच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. निजामाच्या राज्यात जिल्ह्याच्या प्रमुखाला तालुकदार म्हणत, आपल्या कलेक्टरसारखा. स्थानिक बोर्डाच्या बैठकीत अध्यक्षाच्या जागी असा अधिकारीच बसायचा. आज ज्याला आपण प्रशासक म्हणतो, तो तेव्हा अपवाद नव्हता, नियम होता.

*

त्याआधीचं बीड तर पूर्णच कुणाच्या तरी मर्जीचं. शहराच्या दक्षिणेला सहाएक किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२-८३ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली. बांधणाऱ्याचं नाव राजा भास्कर असं सांगतात. मोठी गोल विहीर, आत फिरायला कठडा, पाण्याला आत-बाहेर जायला जमिनीखालून बोगदे. मोट नाही, रहाट नाही, उतारानं पाणी आपोआप पुढच्या शेता-बागांत जातं. दुष्काळातही ती आटत नाही असं बीडमध्ये प्रत्येक जण सांगतो. आम्ही शाळेच्या सहलीत बिस्किटांचे पुडे घेऊन तिथे गेलो होतो, आणि सरांनी तिथेही तेच सांगितलं होतं.

विहीर सुंदरच आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी जमिनीचा उतार इतका अचूक वाचणाऱ्या माणसापुढे हात जोडावेत. पण तिच्या गोष्टीत बांधवणारा आहे, बांधणारा आहे, पाणी पिणारा कुठेच नाही. गोष्ट सांगताना आपल्याला त्याची आठवणही येत नाही.

महंमद तुघलकाची गोष्ट याहून मजेशीर. चौदाव्या शतकात दख्खनच्या स्वारीवर असताना बीडजवळ त्याचा दात पडला. तो दात समारंभानं पुरला आणि त्यावर मकबरा बांधला. करजणी गावाजवळ तो आजही दाखवतात. बीडच्या इतिहासात वाटेनं जाणाऱ्या सुलतानाच्या दाताची नोंद आहे. बीडमधल्या माणसानं त्या काळात काय मागितलं याची नाही.

*

१९४८ नंतर हे बदलायला हवं होतं, आणि काही अंशी बदललंही. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बीडनं अंबाजोगाईचे बाबासाहेब परांजपे यांना निवडून दिलं. स्वामी रामानंद तीर्थांसोबत योगेश्वरी शाळेत काम केलेला, निजामाविरुद्धच्या लढ्यातला माणूस, आणि तोही काँग्रेसबाहेरचा. १९६७ साली तर बीडनं कमालच केली. सांगलीकडचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षाकडून लोकसभेत पाठवलं.

नाना पाटील म्हणजे साताऱ्याचं प्रतिसरकार. १९४३ ते ४६ या काळात त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी इंग्रजांचं राज्य बाजूला सारून गावागावांतला कारभार चालवला. न्यायनिवाडे गावातच होऊ लागले. आपल्या गावाचा कारभार आपण करू शकतो, हे करून दाखवणारा माणूस बीडचा खासदार होता, ही गोष्ट आज बीडमधल्या किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. मला स्वतःला ती कॉलेज संपल्यावर कळली.

कागदावर स्वराज्य आलं ते टप्प्याटप्प्यानं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. १९६५ मध्ये महाराष्ट्राचा नगरपरिषदांचा कायदा झाला. आणि १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्यात एक साधी, स्पष्ट तरतूद आहे : नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे.

नगरपालिका म्हटलं की आपल्याला गटार, कचरा, पथदिवे आठवतात आणि कंटाळा येतो. मलाही यायचा. पण बीडच्या मधोमध बिंदुसरा नदी वाहते. वाहते म्हणजे वर्षातले बरेच महिने तिच्यात पाणी कमी आणि इतर सगळं जास्त असतं. २३ जुलै १९८९ ला हीच नदी अचानक फुगली आणि काठच्या वस्त्यांत शिरली. माणसं गेली, घरं गेली, दुकानं गेली. बीडमध्ये आजही वयस्कर माणसं काळ मोजताना 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' म्हणतात. नदीच्या किती जवळ घर बांधायचं, नाला कुठे बुजवायचा नाही, पूररेषा कुठे आखायची, हे प्रश्न दिल्लीला कळत नाहीत. ते शहराच्या विकास आराखड्यात असतात आणि तो आराखडा नगरपरिषदेच्या सभेपुढे यावा लागतो. रेल्वेच्या बातमीला पहिलं पान मिळतं. आराखड्यावरच्या हरकतींची मुदत आतल्या पानावर, जाहिरातींच्या शेजारी, बारीक अक्षरात संपते. आणि पुढच्या पुरात कुणाचं घर जाणार, हे त्या बारीक अक्षरात ठरतं.

*

आता रेल्वेकडे परत येऊ. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज ३५३ कोटी रुपये. मग काम रेंगाळलं. भूसंपादन, तुटपुंजी तरतूद, नफा न देणारा मार्ग हा जुनाच शेरा. पुढे निम्मा खर्च राज्यानं उचलायचं ठरलं. खर्चाचा अंदाज आधी २,८२६ कोटींवर आणि मग ४,८०५ कोटींवर गेला. केशरबाई क्षीरसागरांपासून गोपीनाथ मुंड्यांपर्यंत इथल्या खासदारांची नावं या मार्गाशी जोडली जातात. मुंडे २०१४ च्या जूनमध्ये केंद्रात मंत्री झाल्यावर काही दिवसांतच अपघातात गेले, तेव्हा बीडमध्ये अनेकांच्या तोंडी पहिला प्रश्न रेल्वेचाच होता. मोर्चे झाले, उपोषणं झाली, रास्ता रोको झाले.

नगरपासून नारायणडोहपर्यंतचे बारा किलोमीटर २०१७ मध्ये झाले. मग सोलापूरवाडी, मग आष्टी. २३ सप्टेंबर २०२२ ला न्यू आष्टी ते अहमदनगर गाडी सुरू झाली, ६६ किलोमीटर. गंमत म्हणजे या टप्प्यातच जुनी सरहद्द ओलांडली गेली. निजाम जाऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती आणि नगर-बीड रेषेवर रूळ आता कुठे त्याच्या मुलखात शिरत होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये या आष्टी गाडीचे डबे पेटले. सुदैवानं कुणी दगावलं नाही. बीडमध्ये लोक म्हणाले, आपलं नशीबच असं.

मग अंमळनेर, मग विघनवाडी, आणि शेवटी बीड. नगरपासून सुमारे १६६ किलोमीटर, तीस वर्षांत. मी एकदा बसल्या बसल्या हिशेब केला. रोज सरासरी पंधरा मीटर. क्रिकेटची खेळपट्टी याहून लांब असते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी मनमाड ते सिकंदराबाद सहाशे किलोमीटरहून लांब मार्ग काही वर्षांत टाकला, ते आमच्याकडे बघून काय म्हणाले असते? त्यांची घाई नफ्याची आणि राज्यकारभाराची होती, लोकांची नव्हती, हे मान्य. पण पंधरा मीटर म्हणजे फारच झालं.

या मधल्या काळात काय घडलं तेही पाहा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी संपलं. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून 'जलदूत' नावाची गाडी पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. देशभर फोटो गेले. चार लाखांच्या शहराला गाडीनं पाणी पाजावं लागणं ही शरमेचीच गोष्ट होती, पण लातूरला निदान रूळ होते. तोच दुष्काळ बीड जिल्ह्यातही होता. बीडला पाण्याची गाडी आणायची म्हटली असती तरी ती कुठे आणणार? इथे शेकडो टँकर फिरत राहिले. १९०० साली जे दीड लाख माणसांचं झालं तसं २०१६ मध्ये झालं नाही. मधे रोजगार हमी आली, रेशन आलं, रस्ते आले. तरी टँकरमागे घागरी घेऊन पळणाऱ्या बायकांना तुमच्याकडे रेल्वे आहे का, असं विचारणं क्रूरपणाचं झालं असतं.

आणि हेही सांगायला हवं, की रेल्वे हे सगळ्या जिल्ह्याचं स्वप्न होतं असं मला वाटत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. संसार ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलेला. भांडी, पाचटाची खोप बांधायचं सामान, लेकरं, कधी बैलं. मुकादमानं उचल दिलेली असते, जायचा कारखाना ठरलेला असतो. त्यांच्या प्रवासाला वेळापत्रक नाही आणि स्टेशनही नाही. रेल्वेचं स्वप्न शहरातल्या शिकणाऱ्या पोरांचं, व्यापाऱ्यांचं, नोकरदारांचं, म्हणजे आमच्यासारख्यांचं जास्त होतं. ते खोटं ठरत नाही त्यामुळे. पण 'जिल्ह्याची स्वप्नपूर्ती' असं लिहिलेलं प्रत्येक बॅनर वाचताना मला ती ट्रॉली आठवते.

बॅनर मात्र बघण्यासारखे होते. आभार, आभार आणि आभार. कुणी दिल्लीचे मानलेले, कुणी मुंबईचे, कुणी दिवंगत नेत्याचे. ज्यांची जमीन गेली त्यांचे आभार मानणारं एकही बॅनर मला दिसलं नाही, कदाचित असेलही एखादं. निम्मा खर्च राज्याचा, निम्मा केंद्राचा, म्हणजे सगळा आपला. तरी आपण रेल्वे 'मिळाली' म्हणतो. सलाबतखानानं विहीर दिली, यांनी रेल्वे दिली. आपण घेणारे.

*

आता त्या रिकाम्या घराचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदा, महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका २०२१-२२ पासून अडकल्या होत्या. इतर मागासवर्गीयांचं राजकीय आरक्षण किती आणि कशाच्या आधारावर, हा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. जोडीला प्रभागरचनेचे घोळ. वाद महत्त्वाचा होता, त्यात शंका नाही. या संस्थांत कुणाला जागा मिळणार हा खरा प्रश्न होता. पण तो सुटेपर्यंत कुणालाच जागा नाही, असा तोडगा निघाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. त्या त्याहूनही उशिरा, डिसेंबरमध्ये झाल्या. बीड नगरपरिषदेचीही. २१ डिसेंबर २०२५ ला मतमोजणी झाली आणि चार वर्षांनी शहराला पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक मिळाले.

या चार वर्षांत राज्यभर मोर्चे कशासाठी निघाले ते आठवून पाहा. आमच्या गावाला पालिकाच नाही, म्हणून निघालेला मोर्चा तुम्हाला आठवतो का? मला नाही. बीडनं रेल्वेसाठी उपोषणं केली, नगरपालिकेसाठी नाही. उलट अनेकांना बरंच वाटलं. 'नगरसेवक नाहीत ना, भांडणं नाहीत. साहेब एक सही करतात, काम होतं.' हे वाक्य मी घरात ऐकलंय, चहाच्या टपरीवर ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर एकदा स्वतः म्हटलंय. नगरसेवक काही फार सुखावणारी जात नाही. पण नळाला पाणी आलं नाही की रात्री साडेदहाला ज्याच्या दाराची कडी वाजवता येते, तो तोच. बदली होऊन आलेल्या साहेबांच्या दाराला शिपाई असतो.

आणि नेमक्या याच चार वर्षांत शहराला स्टेशन आलं. स्टेशन येतं तेव्हा शहराचा तोल बदलतो. त्या बाजूच्या जमिनींचे भाव बदलतात, प्लॉट पडतात, शेताची एनए होते, कालच्या पाणंदीवर रिक्षा धावायला लागतात. कुठला रस्ता रुंद करायचा, कुणाची टपरी उठवायची आणि तिला कुठे जागा द्यायची, बस स्टॅंडवरून सिटी बस सोडायची का, नवीन वस्तीचं सांडपाणी कुठे जाणार, बिंदुसरेतच का? यातला एकही प्रश्न रेल्वे मंत्रालयाचा नाही. हे सगळं सभेत मांडून, भांडून ठरवायचं. पण वाढीच्या ऐन काळात सभाच भरत नव्हती.

*

हिवाळ्यात घरी गेलो तेव्हा मुद्दाम स्टेशनवर गेलो. ज्या वेळापत्रकानं ही गाडी सुरू झाली ते साधं होतं. सकाळी सातच्या आत अहिल्यानगरहून निघायची, साडेबाराच्या सुमारास बीडला यायची, अर्ध्या तासानं परत फिरायची. साडेपाच तास. एसटी यापेक्षा बरीच लवकर पोचते, पण गाडीचं तिकीट एसटीच्या पुढे काहीच नाही. पुण्याला जाणाऱ्याला तिचा अजून फारसा उपयोग नाही. माझं परतीचं तिकीट ट्रॅव्हल्सचंच होतं.

फलाटावर बरीच माणसं नुसती बघायला आलेली. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हातात मोबाइल. बाकावर एक म्हातारे आजोबा बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, 'कुठं नाही. गाडी बघायला आलोय. चौथ्यांदा.' बाहेर रिक्षावाल्याशी एका बाईची भाड्यावरून हुज्जत चालली होती. मी आजोबांना म्हटलं, आता रोजचं झालं असेल गावाला. त्यांनी मान हलवली आणि रुळांकडे काठी केली. जिकडून गाडी आली तिकडे नाही, दुसऱ्या बाजूला.

'तिकडं परळीला कधी जाणार? आमची थोरली लेक दिलीय तिथं.'

अजून पंचाण्णव किलोमीटर, मी म्हटलं. ते पुन्हा गाडीकडे बघायला लागले.